गाडीबाहेरचे लाकूड

काही महिन्यांपूर्वी पुणे-बंगळूर महामार्गावरून मी एस.टी.ने प्रवास करत होते. एका वळणाशी आमची गाडी थांबली, ती बराच वेळ हललीच नाही. प्रवासी कुरकुरू लागले. खिडकीतून डोकावून पाहिले, तर पुढे पवनचक्कीचे एक प्रचंड पाते वाहून नेणारी लांबलचक गाडी वळण घेत होती. अशी पाती पन्नास मीटरहूनही लांब असतात आणि ती तुकडे करून नेता येत नाहीत. त्या गाडीची मागची चाके वेगळी वळवावी लागतात, म्हणून एक माणूस त्या चाकांबरोबर चालत होता. त्याच्याही मागे, पात्याच्या अगदी टोकापाशी, लाल निशाण हातात घेतलेला दुसरा एक माणूस उभा होता. उन्हाने त्याचा चेहरा काळवंडला होता. सगळ्या गाड्यांचे भोंगे त्याच्यावरच रोखलेले होते. तो मात्र त्या टोकावरून नजर काढत नव्हता.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ पाहत विचारले, "एवढ्या मोठ्या गाडीला या माणसाचा काय उपयोग?"

मी उत्तर दिले नाही. माझ्या डोळ्यांसमोर आंबोलीचा घाट उभा राहिला होता.

१९८१ सालची गोष्ट आहे. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. आमचे घर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर. वडील आणि काका मिळून शिडाच्या होडीवर मासेमारी करत. आमच्याकडे तेव्हा इंजिन नव्हते. वारा हेच आमचे इंजिन, आणि तो वारा पकडून देणारी डोलकाठी हा होडीचा कणा. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. डोलकाठी म्हणजे होडीच्या मध्याजवळ उभा केलेला उंच खांब. तिचा बुंधा होडीच्या तळाशी कोरलेल्या खाचेत घट्ट बसवतात. आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांत ती किंचित पुढे झुकलेली असते. तिच्या आधाराने एक लांब तिरकी काठी वर चढवतात आणि त्या काठीला शीड बांधलेले असते. शिडात वारा भरला, की त्याचा सगळा जोर डोलकाठीवर येतो आणि तिच्यामार्फत होडी पुढे जाते.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस वळवाच्या एका वादळात आमची डोलकाठी मोडली. वडील आणि काका वल्ही मारत, मध्यरात्र उलटल्यावर घरी पोहोचले. माणसे वाचली, म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात कोणी फारसे बोलेना. जून ते ऑगस्ट समुद्र बंद. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली नाही, तर पुढचे वर्षभर खायचे काय? मासळीच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाच्या मासळीवर उचल घेतली होती. तीही फेडायची होती.

डोलकाठीला लागणारे लाकूड कोणत्याही वखारीत मिळत नाही. ते सरळ हवे, गाठी कमी हव्यात, चांगले वाळलेले हवे आणि मुख्य म्हणजे ते अखंड हवे. सांधलेली डोलकाठी वाऱ्यात नेमकी सांध्यावरच दगा देते, असे आमच्या सुतारांचे म्हणणे. शोध घेता घेता घाटावर, चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यात, असे लाकूड असल्याचे कळले. एका शेतकऱ्याने घराच्या आढ्यासाठी आपल्या बांधावरचा साग रीतसर परवानगी काढून तोडला होता. घर काही बांधून झाले नाही. दोन वर्षे ते लाकूड गोठ्याच्या सावलीत पडून होते. वडिलांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिले आणि दोन्ही हात पसरून ते मोजले. पसरलेल्या दोन हातांचे हे माप म्हणजे 'वाव'. समुद्राची खोली मोजायलाही आमच्याकडे हेच माप. लाकूड साडेपाच वाव भरले. सौदा ठरला.

लाकूड आणायला वडील आणि काका निघाले, तेव्हा त्यांनी मलाही बरोबर घेतले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, सहावीतून सातवीत गेले होते. मुलीला घाटावर ट्रकमधून कशाला न्यायचे, म्हणून आईने विरोध केला. वडील म्हणाले, "वाटेवर कागद वाचूक होयो, आणि माका वाचूक येना नाय." साग मालकीच्या जमिनीतला असला, तरी त्याच्या वाहतुकीसाठी वनखात्याचा पास लागतो. त्या पासावर लाकडाचे माप, त्यावर हातोड्याने उठवलेल्या शिक्क्याची नोंद आणि मुदत लिहिलेली असते. वडील शाळेची पायरी चढलेले नव्हते आणि काकांना सहीपुरतेच लिहिता येई. आमच्या घरात सलग वाचू शकणारी मीच होते.

मे महिन्याचा तो अखेरचा आठवडा होता. वळवाच्या सरी सुरू झाल्या होत्या. ट्रकच्या हौद्याची लांबी १७ फूट आणि लाकूड ३३ फूट. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा होता. त्याने लाकडाकडे पाहिले, ट्रककडे पाहिले आणि सरळ सांगितले, "सहा फूट कापून टाका की वो. काय फरक पडतोय?"

वडील हसले. "कापूक येता," ते म्हणाले, "जोडूक येना नाय."

मग लाकूड चढवण्याचे काम सुरू झाले. निमुळता शेंडा पुढे घेऊन केबिनच्या टपावर टेकवला. मागचा फाळका बंद ठेवला, त्यावर गोणपाटाच्या जाड घड्या घातल्या आणि बुंध्याकडचा भाग त्यावर विसावू दिला. फाळका उघडला असता, तर उतरत्या लाकडाचे टोक खड्ड्याखड्ड्यात जमिनीला घासले असते. पुढे केबिनवरून सहाएक फूट आणि मागे दहाएक फूट लाकूड बाहेर राहिले. काकांनी होडीवरचे दोर आणले होते. त्यांनी मारलेल्या गाठी पाहून क्लीनरने मान डोलावली. शेवटी आईच्या जुन्या लाल लुगड्याचा एक तुकडा बुंध्याला बांधला. दिवसा लाल फडके आणि रात्री लाल दिवा, असा साधा नियम होता. रात्रीसाठी काचेला लाल पतंगी कागद चिकटवलेला एक कंदील आम्ही घरूनच आणला होता. फडक्याची आणि कंदिलाची जबाबदारी वडिलांनी माझ्याकडे दिली.

गाडी वळू लागली, की लांब लाकडाचे वागणे कसे असते, ते मला त्या दिवशी समजले. ट्रक डावीकडे वळला, की मागच्या चाकांच्या पलीकडे उरलेले लाकूड उजवीकडे झेपावते. पुढे बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याच्या दृष्टीने गाडी नीट वळलेली असते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वळणावर काका खाली उतरत, टोकाबरोबर चालत आणि ओरडून सांगत. क्लीनर ट्रकच्या अंगावर हाताने एकदा थाप मारी, म्हणजे थांब; दोनदा मारी, म्हणजे येऊ दे.

वाटेत वनखात्याचा तपासणी नाका लागला. तिथल्या कर्मचाऱ्याने पास मागितला आणि वडिलांना विचारले, "लांबी किती?"

"साडेपाच वाव," वडील म्हणाले.

"इथे तर दहा मीटर लिहिले आहे." त्याने संशयाने लाकडाकडे पाहिले. वडील गोंधळले. कागदावर काय लिहिले आहे, ते त्यांना कळत नव्हते आणि आपले माप चुकलेले नाही, याची त्यांना खात्री होती. मी पुढे झाले. एक वाव म्हणजे सहा फूट, साडेपाच वाव म्हणजे ३३ फूट, आणि एका मीटरचे सव्वातीन फुटांहून थोडे अधिक. म्हणजे दहा मीटर बरोबर आहेत, असे मी बोटे मोजत सांगितले. मग पासावरचा शिक्क्याचा क्रमांक वाचून दाखवला आणि लाकडावर तो कुठे उठवला आहे, तेही दाखवले. कर्मचारी हसला. "मुलीला खूप शिकवा," असे म्हणून त्याने पास परत दिला. वडिलांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता, तो मी पुढे एम.ए. झाले तेव्हाही पाहिला नाही. पुढच्या वाटेवर मी केबिनमध्ये ताठ बसले होते. या सगळ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाची मीच आहे, असे मला वाटू लागले होते.

आंबोलीला पोहोचलो, तेव्हा दिवस मावळला होता. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. हिरण्यकेशी नदी इथेच उगम पावते. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आणि सैन्याची सामग्री याच घाटाने बेळगावकडे चढवली जाई. आता घाटावरचे एक लाकूड त्याच वाटेने समुद्राकडे निघाले होते. नुकतीच सर येऊन गेली होती आणि धुके रस्त्यावर उतरत होते. चहासाठी गाडी थांबली. वडील आणि काका दोर तपासू लागले. वडिलांनी मला कंदील पेटवून टोकाला लावायला सांगितले.

मी काडेपेटी घेऊन मागे गेले. वारा बोचरा होता. कंदिलाची काच उचलून पहिली काडी ओढली, ती विझली. दुसरीही विझली. तिसरी दमट निघाली. माझी बोटे गारठली होती, आतमध्ये चहा थंड होत होता आणि मागचा रस्ता पूर्ण मोकळा होता. 'एवढ्या रात्री मागून कोण येणार आहे?' असे मी स्वतःशीच म्हटले. न पेटवलेला कंदील दोरीला अडकवला आणि परत आले.

"चेडवा, कंदील पेटयलंस मगे?" वडिलांनी विचारले. आमच्या बोलीत 'चेडवा' म्हणजे मुली.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. ज्या मुलीने सरकारी कागद वाचला, तिच्या एका शब्दावर संशय घेण्याचे त्यांना कारणच नव्हते.

घाट उतरू लागलो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून एस.टी. वर येत होती. रस्ता अरुंद होता. आमचा ट्रक अर्धा वळलेल्या स्थितीत थांबला आणि लाकडाचे टोक रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला आडवे गेले. एस.टी.ला वाट कशी द्यायची, हे ठरवण्यासाठी काका पुढे गेले. त्यामुळे त्या क्षणी टोकापाशी कोणीच नव्हते. तेवढ्यात मागून सायकलची घंटी ऐकू आली. पाठोपाठ एक ओरडणे आणि काहीतरी आदळल्याचा आवाज.

आंबोलीतल्या एका खानावळीत काम करणारा तो तरुण रात्रीच्या मुक्कामाला घाटाखाली दाणोलीकडे निघाला होता. त्याच्या सायकलचा दिवा धुक्यात हातभर अंतरापलीकडचे दाखवत नव्हता. लाकडाचे टोक नेमके त्याच्या छातीच्या उंचीवर होते. शेवटच्या क्षणी ते दिसले, म्हणून त्याने सायकल वळवली. खांद्याला लाकूड घासून गेले आणि तो डोंगराकडच्या गटारात कोसळला. कपाळ दगडावर आपटून फुटले होते. बॅटरीच्या उजेडात त्याच्या चेहऱ्यावरचे रक्त पाहून माझे पाय लटपटू लागले.

वडिलांनी त्याला उठवून बसवले. डोक्यावरचा टॉवेल काढून त्याचे कपाळ बांधले. मग ते लाकडाच्या टोकाशी गेले आणि त्यांनी कंदिलाच्या काचेला हात लावला. काच गार होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. तेवढेच. एक शब्दही ते बोलले नाहीत. परत त्या तरुणापाशी येऊन, हात जोडून म्हणाले, "चूक आमची, भावा. दिवो नाय होतो."

चूक कोणाची होती, हे ठाऊक असलेली आम्ही दोघेच तिथे होतो.

त्या तरुणाला केबिनमध्ये, माझ्या जागेवर बसवले. त्याची सायकल हौद्यात ठेवली. वडिलांनी कंदील अंगाच्या आडोशाला धरून एका काडीत पेटवला. तो टोकाला न लावता त्यांनी हातातच घेतला आणि ड्रायव्हरला हळूहळू चालायला सांगितले. उरलेला सगळा घाट ते त्या लाकडामागून पायी उतरले. मला कोणी सांगितले नव्हते. तरी मी त्यांच्याबरोबर चालू लागले. पुढे ट्रकचा घरघराट, मागे धुके आणि मध्ये तो लाल उजेड. बऱ्याच वेळाने मी रडत रडत खरे काय घडले ते सांगितले. ते त्यांना कळलेच होते. थोडे चालून झाल्यावर ते म्हणाले, "आपला लाकूड गाडयेच्या भायर गेला, काय ता दुसऱ्याच्या वाटेर येता."

आपले लाकूड आपल्या गाडीच्या बाहेर गेले, की ते दुसऱ्याच्या वाटेवर येते. गाडीत आहे तोवर ते आपले ओझे. बाहेर गेले, की त्याचा धोका परक्याला. म्हणून तिथे दिवा धरायचा तो आपण. इतके सगळे त्यांनी सांगितले नाही. ते एकच वाक्य बोलले. उरलेले मी त्या रात्री चालता चालता स्वतःला सांगत गेले.

सावंतवाडीला त्या तरुणाच्या कपाळाला टाके घातले. पहाटे त्याला एका ओळखीच्या घरी पोहोचवून आम्ही निघालो, तेव्हा मोती तलावावर उजाडत होते. वेंगुर्ल्यात शेवटचा टप्पा तर ट्रकलाही जमण्यासारखा नव्हता. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढी पाणंद. तिथे लाकूड उतरवले. वाडीतले वीसेक पुरुष आले. त्यांनी लाकडाखाली आडवे दांडे घातले आणि ते खांद्यांवर उचलले. वळण आले, की पुढचे थांबत आणि मागचे गडग्यावर चढून लाकूड वरून फिरवत. रात्रभर दोघांनी सांभाळलेले ते टोक आता वीस माणसे सांभाळत होती. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कोणीतरी वडिलांना चहा दिला. कप धरताना त्यांचा हात थरथरत होता.

पावसाळाभर सुतारांनी ते लाकूड तासले, गोल केले, त्यावर माशाचे तेल चढवले. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाल्यावर नवी डोलकाठी उभी राहिली आणि त्या हंगामात व्यापाऱ्याची उचल फिटली. त्याआधी, भर पावसात, वडील सुक्या बांगड्यांची एक पिशवी घेऊन त्या तरुणाच्या घरी जाऊन आले होते. मलाही नेले होते. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "लहान होती ती. झाले ते झाले." त्याच्या कपाळावरची खूण मात्र स्पष्ट दिसत होती.

काही वर्षांनी आमच्या होडीला इंजिन आले आणि डोलकाठीची गरज सरली. घाटात जे लाकूड सहा फूट कापू दिले नव्हते, ते वडिलांनी स्वतःच मापाने कापले आणि घराच्या आढ्याला बसवले. ज्या कामासाठी तो साग मुळात तोडला होता, तेच काम अखेर त्याच्या वाट्याला आले. वडील आता नाहीत. आढे अजून आहे.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलेला माल वाहून नेल्यास आता वीस हजार रुपये दंड होतो आणि तो माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. लांब वस्तूंसाठी आज वेगळी वाहने आहेत, वेगळी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा आम्ही ज्या पद्धतीने ते लाकूड आणले, तसे आज कोणी आणू नये. दंड मोठा आहे, अशी तक्रार काही जण करतात. मला तो मोठा वाटत नाही. धुक्यात गार पडलेली ती काच मी पाहिलेली आहे.

महामार्गावर अखेर ते पाते वळण पार करून गेले. आमची एस.टी. हळूहळू त्या निशाणवाल्या माणसाजवळून पुढे निघाली. मी खिडकीतून त्याला हात केला. त्याने पाहिले नाही. त्याची नजर टोकावर होती. ते बरोबरच होते.

घरी आजही संध्याकाळी कोणी मला विचारते, "दिवा लावलास का?" प्रश्न देवघरातल्या दिव्याचा असतो किंवा अंगणातल्या. मला उत्तर ठाऊक असते. तरीही 'हो' म्हणण्याआधी मी एकदा जाऊन पाहून येते.